इंद्रभानभाऊंचे बारा उंदीर

शहात्तर साली वाशीमच्या आमच्या गल्लीत पांढरे उंदीर आले, ते शेजारच्या इंद्रभान इंगोल्यांमुळे. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत, आणि ब्राह्मीनं मेंदूची स्मरणशक्ती खरंच वाढते का, यावर नागपूरला पीएच.डी. करत. कॉलेजात जागा नव्हती, म्हणून घरातच मागच्या खोलीत दोन पिंजरे ठेवलेले. एकातल्या सहांना ब्राह्मीचा रस, दुसऱ्यातल्या सहांना नुसतं पाणी. मग एकेकाला फळ्यांच्या भुलभुलैयात सोडायचं. टोकाला शेंगदाणा. कोण किती लवकर पोचतो, ते घड्याळ लावून लिहायचं. पोट भरलेला उंदीर धावत नाही, म्हणून सगळे आदल्या रात्रीपासून उपाशी.

“सहा-सहाच?” मी विचारलं होतं. ते म्हणाले, “वहिनी, हेच सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात. एवढ्यावर काय म्हणता येतं, ते कॉम्प्युटर सांगेल.”

आकडे नागपूरला कॉम्प्युटरच्या कार्डांवर भोकं पाडून टोचून झाले. त्यांचा मित्र फुलसिंग ती कार्डं घेऊन मुंबईला गेला. तिथल्या कॉम्प्युटरवर अशा हिशेबाचा तयार प्रोग्रॅम होता. महिन्याभरानं कडांना भोकं असलेला लांबलचक कागद घेऊन तो परत आला. ब्राह्मीचे उंदीर पुष्कळच पुढे! इंद्रभानभाऊंनी मला समजावलं, की ब्राह्मीत काही गुण नसता, तर नुसत्या योगायोगानं एवढा फरक शंभरात एकदाही पडायचा नाही.

आम्ही सगळे चहाला बसलो. त्यांच्या आई अंजनाबाई, जन्म शेलूबाजारकडच्या शेतांत राबण्यात गेलेला, खुशीत येऊन म्हणाल्या, “त्या बिचाऱ्याईले ना औषध, ना काही. मी रोज सकाळी भाकर कुस्करून टाकत होती.”

इंद्रभानभाऊंनी कप खाली ठेवला. “कोनत्या पिंजऱ्यात, माय?”

“पान्यावाल्या. औषधवाल्याईचं तू पाहून राह्यला होता ना.”

मला पदर तोंडाला लावावा लागला. म्हणजे पाण्याचे उंदीर मंद नव्हते, जेवून शतपावलीला निघाले होते.

फुलसिंग म्हणाला, हे आपल्या चौघांतच राहू दे, उंदीर काही साक्ष द्यायला यायचे नाहीत. प्रबंध दोन महिन्यांवर आला होता आणि कॉलेजातली बढती त्यावर अडलेली. इंद्रभानभाऊंनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, “साक्षीदार तर घरातच बसला आहे.”

भुलभुलैया एकदा शिकलेले उंदीर प्रयोगाला पुन्हा चालत नाहीत, म्हणून नागपूरहून नवे बारा आले. अंजनाबाईंनी मात्र अट घातली. एकालाही उपाशी ठेवलेलं त्यांना खपणार नव्हतं. शेवटी दोन्ही पिंजऱ्यांना सारखंच, अर्धपोट खायला द्यायचं ठरलं. भाकर मोजायला त्याच बसायच्या.

या खेपेला फरक उरला तो जेमतेम. कॉम्प्युटरनं सांगितलं, इतक्याशा उंदरांवरून काहीच ठरवता येत नाही. भाऊंनी प्रबंधात तेच लिहिलं, आणि पहिला निकाल का टाकून दिला, तेही. मार्गदर्शक कुरकुरले. वर्ष वाया गेलं. पण तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले प्राध्यापक म्हणाले, बारा उंदरांवर याहून मोठा दावा केला असता, तर मी तुम्हाला परत पाठवलं असतं.

निकालाच्या दिवशी अंजनाबाई पेढे घेऊन आमच्या दारात. “पोरगं डॉक्टर झालं, बाई,” त्या म्हणाल्या. “ब्राह्मीचं म्हनशीन, तर काही समजलं नाही म्हनते.”