चिठ्ठी नसलेली बरणी

माझी मावशी चीजच्या दुकानात काउंटरवर असते. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, उपदेश ऐकवल्याशिवाय ती पुडा हातात देत नाही. "मऊ चीज आहे. फ्रिजच्या दारात ठेवू नका, आत मागे ठेवा, तिथे गार राहतं. झाकण घट्ट लावा. बोटं घालू नका, स्वच्छ चमचा घ्या. उघडलं की आठवड्यात संपवा. वास येत नाही म्हणजे चांगलं आहे, असं अजिबात नसतं." लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन दारातच ठेवतात. पालथ्या घड्यावर पाणी! मी तसं म्हटलं की ती म्हणते, "ओतायचं काम माझं, घड्याचं घडा बघेल."

घरी मात्र तिचाच कायदा. चीजचे तुकडे मिठाच्या पाण्यासकट काचेच्या बरणीत काढायचे आणि पहिला तुकडा जो घेईल त्याने बरणीवर तारखेची चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठी नसलेली बरणी म्हणजे नवी, कोणी हात न लावलेली. मावसबहीण लिहायला शिकली ती या चिठ्ठ्यांवरच, असं आम्ही तिला चिडवायचो.

कायदा मोडणारा घरात एकच, काका, म्हणजे मावशीचे यजमान. उभ्या उभ्या बोटांनी तुकडा उचलायचे आणि चिठ्ठी लावायची मावशीने. त्या सकाळीही त्यांनी नव्या बरणीतून तसाच तुकडा उचलला. ती ओरडली, ते हसले, बोटं चाटत कामावर गेले. दुपारी त्यांचं हृदय बंद पडलं. घरी आणला तो त्यांचा देहच.

माणसं पांगल्यावर मी फ्रिज आवरत होते. "मावशी, या बरणीवर चिठ्ठी नाही. लावू?"

"राहू दे," ती म्हणाली. चिठ्ठी लावली असती तर आठवड्याने ती बरणी टाकावी लागली असती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी आपली बरणी परत मागे सरकवली.

मावशी लवकरच कामावर गेली. तोच उपदेश, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. जेवायला वाढलं की जेवायची, निज म्हटलं की निजायची. "काय धीराची बाई!" असं लोक म्हणायचे, तेव्हा माझं डोकं फिरायचं. कसला धीर? दात काढण्याआधी सुई दिल्यावर गाल बधिर होतो ना, तशी ती सगळीच झाली होती. डोळ्यांत टिपूस नाही. काकांचं नाव निघालं की ती उठून काहीतरी पुसायला लागायची.

पंधरवडा उलटल्यावर मावसबहीण राहायला आली. तिला सातवा महिना होता. मावशी दुकानात होती, मी घरी. बहिणीला भूक लागली. तिने फ्रिज उघडला, बरणी फिरवून बघितली आणि आईची शिकवण पाळली. चिठ्ठी नाही, म्हणजे नवी. आईच्या दुकानातलं चीज तापवलेल्या दुधाचं असतं, ताजं असेल तर गरोदरपणातही चालतं. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते.

मावशी आली तेव्हा पावाचा शेवटचा घास बहिणीच्या तोंडात होता आणि बरणी टेबलावर.

"कुठलं खाल्लंस?"

"हेच. नवीन होतं ना?"

मावशीने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. तशीच तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली, मागोमाग मी. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मग विचारलं, "किती दिवसांचं होतं? कधी उघडलं होतं?"

हा प्रश्न मावशी रोज लोकांना विचारते. आता तिलाच विचारलं तर म्हणाली, "बरेच दिवस झाले."

"आजी, नीट सांगा. बाळाचा प्रश्न आहे."

"माझा नवरा गेला," ती म्हणाली, "त्या सकाळी. त्यांनी उघडलं." 'गेला' हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. बहीण आईकडे बघतच राहिली.

ताप, अंगदुखी, काहीही वाटलं तरी लगेच यायचं, शिळ्या चीजमधले जंतू उशिराही बाधतात म्हणून पुढचे काही आठवडे गाफील राहायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. ताप आला नाही. वेळेवर मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. पण ते पुढचं. त्या दिवशी आम्हाला कोणालाच काही माहीत नव्हतं.

घरी आल्यावर बहीण बरणी उचलायला गेली. "थांब, मी टाकते," मावशी म्हणाली. तिने पाणी मोरीत ओतलं, तुकडे कचऱ्यात टाकले, वरून उकळतं पाणी घालून बरणी घासली. एकदा घासली, परत घासली. मला वाटलं, आता ही बरणीच घासत बसेल.

बहीण म्हणाली, "आई, बस की जरा. बाबांची आठवण होती ती, मला कळतंय."

मावशीने वळून तिच्या पोटावर ओला हात ठेवला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला हुंदका फुटला.

"मेलेल्या माणसाचं उष्टं जपत बसले गं मी," ती म्हणाली, "आणि तुला खाऊ घातलं."