फळ्यावर आज मीनाच्या बाबाचं नाव

आमच्या ह्यायले जाऊन आज वर्ष झालं, अन् सकाळी सगळ्यात पहिले दारात कोण उभं, तर रहीमभाऊ.

ज्यायच्याशी ह्यायचं जन्मभर भांडण.

हातात खडू. चहा घ्या म्हटलं तं म्हणे, "चाय बाद में, भाभी. पहले सांगा, आज फळ्यावर काय लिहू?"

आता फळा कोणता, ते बाहेरगावच्या लोकायले सांगाव लागन. (मी दुसरी पास. मोबाईलमध्ये बोलून लिहून राह्यली, चुकलं तं समजून घेजा.)

आरमोरीत आमच्या चौकात रहीमभाऊचं सायकल रिपेरिंगचं दुकान आहे. त्या भिंतीले एक काळा फळा. हे, म्हणजे आमच्या लेकीचे, मीनाचे बाबा, रोज सकाळी त्यावर दिनविशेष लिहत. आज कोणता थोर माणूस जन्मला, आज कुठी काय घडलं.

अन् त्याच्याच खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, गावातले जन्म. मोठ्या शास्त्रज्ञाच्या खाली आमची भाजीवाली सुमन. त्या दिवशी सुमन कोणाशी भाव करत नसे, इतकी ताठ.

पण मरण लिहत नसत. कोणाचंच नाई.

तेच भांडण. रहीमभाऊ म्हणत, "बडे लोग मरते भी हैं न, भाऊ. अर्धाच दिनविशेष काऊन लिहता?"

हे म्हणत, "मेल्याची खबर आपल्या पायानं येते. जन्माची सांगाव लागते. भिंत तुही, खडू माहा."

ह्यायच्या मागं आता रहीमभाऊच लिहते. अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण नागा नाई.

तर आज सव्वीस ऑगस्ट.

ब्याऐंशी साली ह्याच तारखेले आपला गडचिरोली जिल्हा झाला. त्याच्या आधी आपण चांद्यातच, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातच होतो. अन् त्याच दिवशी आमची मीना झाली.

आदल्या दिवशी दवाखान्यात गेली तवा मी चांदा जिल्ह्यातली. लेकरू घेऊन घरी आली ते गडचिरोलीची.

हे व्हरांड्यात दिसन त्याले सांगत होते, जिल्हा झाला, जिल्हा झाला.

नर्सबाई आतून म्हणे, "नाई जी, मुलगी झाली."

हा किस्सा ह्यायनं इतक्यांदा सांगितला का जावयाले बी पाठ आहे.

मागच्या वर्षी ह्याच दिवशी फळ्यावर मीनाचं नाव लिहून आले, पाटावर बसले, पाणी मागतलं.

मी पाणी घेऊन येईस्तोवर गेले.

तवापासून मीनाचं एकच. "आई, माहा वाढदिवस आता बंद. माहं नाव लिहलं अन् गेले बाबा. तो दिवस मले नोको."

नवरा गेला, त्याचं दुःख आहेच. पण म्हातारा माणूस, भरल्या घरातून गेला. लेकीचा जन्मदिवस बी संग बांधून न्यावा, हे मले मान्य नाई. वर्षभर हेच टोचत होतं.

रहीमभाऊ खडू घेऊन उभेच, तेवढ्यात बल्लारपूरहून मीना अन् जावई आले. वडशापर्यंत रेल्वेनं, तिथून ऑटोनं.

मीना चप्पल काढता काढता म्हणे, "काका, बाबाची पुण्यतिथी लिहा. माहं नाव नोको."

जिंदगीभर जे लिहाले मागत होते, ते रहीमभाऊले आयतं मिळालं. पण माणूस जागचा हालत नाई.

म्हणे, "बेटी, मेरे हात से नहीं होगा. त्यायनं कोणाचंच नाई लिहलं, अन् मी त्यायचंच लिहू?"

मंग मले सुचलं.

ह्यायची शाळेतली तारीख एक जुलै. गुरुजीनं अर्ध्या गावाले एक जुलैच वाटला. म्हणून स्वतःचं नाव ह्यायनं फळ्यावर कधी टाकलं नाई. म्हणत, "गुरुजीनं देल्लेला वाढदिवस मी काऊन करू?"

पण माही सासू सांगे का, धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, चालू होता, वावरातली शेवटची बांदी लावाची राह्यली होती, अन् कळा सुरू झाल्या. अन् पाणी उशिरा आला का आपल्याकडं रोवणा ऑगस्ट सरेपर्यंत चालते.

मी म्हटलं, "लिहा रहीमभाऊ. आजचे जन्म. गडचिरोली जिल्हा. मीना. मीनाचे बाबा."

"आजच? सबूत काय, भाभी?"

"आज नाई जन्मले, याचा तुमच्यापाशी आहे का सबूत?"

रहीमभाऊनं टोपी मागं सारली. "लेकिन वो तो चांदा जिल्ह्यात जन्मला. गडचिरोलीच्या लाइनीत कसा बसवू?"

आमचा जावई दिवसाले चार शब्द बोलणारा माणूस. तो म्हणे, "काका, चांदा तं गडचिरोलीची माय. मायच्या घरचा माणूस चालते."

मीना मान खाली घालून ऐकत होती.

"आई, खरंच शेवटची बांदी होती?"

"तुही आजी खोटं बोलत होती का मंग?"

"आजी तं रोजच खोटं बोले."

अन् हासली. पदर-बिदर काई लावला नाई, तोंड उघडं टाकून हासली. वर्षानं.

मंग तिनंच काकाच्या हातचा खडू घेतला. आम्ही सगळे चौकात गेलो. तिनं आधी बाबाचं नाव लिहलं. मंग त्याच्या खाली आपलं.

येणारे जाणारे थांबून वाचत. एक जण गाडीवरूनच म्हणे, "काऊन जी काकू, बुढ्याचा वाढदिवस आज होता? कधी बोलला नाई."

मी म्हटलं, "त्यायले बी माहीत नव्हतं."

घरी येऊन गुळाचे आयते केले. तव्यावरून निघन तसे संपत. रहीमभाऊनं जेवताना बी भांडण सोडलं नाई. फोटोकडं पाहून म्हणे, "अब खुश? पूरा दिनविशेष तेरे ही घर का."

मीनाचे बाबा, तारीख मी ठरवली, तुमाले विचारलं नाई. पटली नसन तं सपनात येऊन भांडजा, चहा ठेवतो. सुखानं राहजा.

मीना संध्याकाळच्या गाडीनं गेली. मंडईच्या जत्रेले येतो म्हणे, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. मंग ऑटोतून तोंड बाहेर काढून म्हणे, "अन् पुढच्या सव्वीस ऑगस्टले, आई. वाढदिवसाले. आदल्या दिवशीच येतो."