मूळ प्रमाणपत्र घेऊन जाण्याबाबत

आमच्या अधीक्षक साहेबांइतका कागदावर जीव टाकणारा माणूस उभ्या नंदुरबार जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. ज्यांना पटत नसेल त्यांनी त्यांच्या हाताखाली आठ दिवस प्रशिक्षण घ्यायला हवं होतं, मग बोलायचं. म्हसावदच्या रस्त्यावरच्या आमच्या संस्थेच्या कॉलेजात ते कार्यालय अधीक्षक होते, आणि आसपासच्या कॉलेजांतल्या लिपिकांना कामकाजाची पद्धत शिकवण्याचं काम विद्यापीठाने त्यांच्या गळ्यात घातलं होतं. प्रवेश, पात्रता, परीक्षा अर्ज, दाखले, पदवी प्रमाणपत्रं, सगळं काही. वर्षातून दोनदा तीसेक लिपिक सभागृहात जमत आणि पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना विचारत, "या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना?" कळसाडीच्या कॉलेजातून मी पहिल्यांदा गेले तेव्हा हा प्रश्न मीच विचारला होता, आणि साहेब नेमके माझ्या मागे ताक पीत उभे होते. पुढच्याच महिन्यात संस्थेने माझी बदली त्यांच्याच कार्यालयात केली. ते ताक त्यांनी सहा वर्षं लक्षात ठेवलं.

त्यांचं बोलणंसुद्धा फाइलवरच्या टिपणीसारखं असे. टपरीवर गेले की म्हणत, "विषय, चहा. संदर्भ, सकाळचा चहा, जो पाणचट होता. प्रस्ताव, आलं ठेचून टाकावं. मान्यतेसाठी सादर." टपरीवाला "मान्य" म्हणेपर्यंत बाकावर बसायचे नाहीत. घरी काकूंनी भाजीची चिठ्ठी दिली की तिच्यावर आवक क्रमांक आणि तारीख घालून ती खिशात ठेवत, आणि भाजी तेवढी विसरत. काकू मला एकदा म्हणाल्या, "मी सांगस ते समदं आवकमा जास वं. जावक काहीच व्हस नही!" साहेब शेजारीच होते. त्यांनी मान हलवली आणि तक्रार नोंदवून घेतल्यासारखा चेहरा केला.

प्रशिक्षणातही त्यांची तऱ्हा न्यारीच. लोक नियमावलीच्या प्रती घेऊन बसलेले, आणि हे पहिल्या दिवशी वाटत एसटीचं वेळापत्रक. धडगावची शेवटची गाडी, मोलगीची, तोरणमाळची, सगळं पाठ करायचं. आठव्या दिवशी त्याची तोंडी परीक्षा. विसरवाडीकडून आलेले एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "आमच्याकडे हायवे आहे साहेब, ट्रक मोजले तर रात्र पुरणार नाही, गाडी चुकायचा प्रश्नच नाही." साहेबांनी त्यांना उभं केलं आणि सगळ्यांदेखत सुनावलं, "तुले नियम पाठ शेत, पन समोरनी पोर घर कशी जाई ते माहीत नही. मंग तिले 'उद्या ये' सांगानं तुन्हं तोंड कशाले उघडस?" मग सगळ्यांना खिडकीच्या बाहेर, विद्यार्थ्यांच्या बाजूला, भर उन्हात रांगेत तासभर उभं करत आणि स्वतः आत बसून मुद्दाम फाइल चाळत. कुठल्याही कॉलेजात गेले की त्यांचा पहिला प्रश्न असे, "घड्याळ कुठे लावलंय? बाहेरच्याला दिसतं का?" दिसत नसेल तर खुर्चीवर चढून ते स्वतः जागा बदलत. त्यांचं वजन बघता खुर्ची धरायला दोघे लागत.

मसुदालेखनाचा तास मात्र सगळ्यांना आवडे, कारण तो सोपा होता. विषय दरवर्षी एकच: मूळ पदवी प्रमाणपत्र घेऊन जाण्याबाबत. एका कुमारीचं नाव आणि अक्राणी तालुक्यातल्या डोंगरातल्या एका गावाचा पत्ता ते फळ्यावर लिहीत. आम्ही तिला पत्र लिहायचं की आपलं प्रमाणपत्र कार्यालयात पडून आहे, कृपया घेऊन जावं. तीस मसुदे ते रात्रभर जागून तपासत. "भाषा कडक शे," "ही पोरले भीती वाटी," असे शेरे असत. मी गेले त्या वर्षी माझा मसुदा पहिला आला. साहेबांनी तो सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून घेतला, आणि मी आठवडाभर कळसाडीत नाक वर करून फिरले.

बदली झाल्यावर आवक टपाल माझ्याकडे आलं. एक दिवस टपालात कॉलेजचाच एक लिफाफा परत आलेला दिसला. वर पोस्टाचा शेरा होता, 'या ठिकाणी गाव नाही'. फोडला तर आत माझं पत्र. माझंच अक्षर, खाली साहेबांची सही, कार्यालयाचा शिक्का. सराव म्हणून लिहिलेलं पत्र या माणसाने खरोखर पोस्टात टाकलं होतं. मी तणतणत त्यांच्या टेबलापाशी गेले आणि लिफाफा समोर आपटला. त्यांनी खालचा खण उघडला. त्यात तसलेच परत आलेले लिफाफे होते, दर वर्षाचे, दोऱ्याने बांधलेले. त्या क्षणी माझा राग कुठल्या कुठे गेला.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी इथे जसंच्या तसं लिहिते. तेव्हा ते कनिष्ठ लिपिक होते, खिडकीवर. फळ्यावर जिचं नाव असे ती पोर डोंगरातून आली होती, तिच्या गावातली पहिली पदवीधर. आश्रमशाळेत शिक्षिकेची जागा तिला लागत होती, दुसऱ्या दिवशी सकाळी नंदुरबारला कागदपत्रांची पडताळणी होती आणि मूळ प्रमाणपत्र हवं होतं. "खिडकी चार लगून चालू ऱ्हास," साहेब म्हणाले. "घड्याळमा पाच मिनिट बाकी व्हतात. पन घड्याळ आतली भित्तवर व्हतं, तिले दिसे नही. मन्हा मित्रनी हळद व्हती, माले घाई व्हती. मी तिन्हा अर्ज लिधा, शिक्का मारा आनि सांगं, टाइम संपना, उद्या ये." तिने 'माफ करा' म्हटलं आणि ती गेली. अर्जाला पडताळणीचं पत्र जोडलेलं होतं, ते साहेबांनी चार दिवसांनी वाचलं. ती परत कधी आली नाही.

"मग स्वतः का नाही गेलात?" मी विचारलं. खरं तर ओरडलेच. ते टेबलावरची काच पुसू लागले. "पत्र जास ना वं माय," ते म्हणाले. "मी गऊ आनि ती समोर उनी, ते काय बोलू?" इतकी वर्षं हा माणूस आम्हां सगळ्यांकडून तिला पत्रं लिहून घेत होता, कारण त्याची स्वतःची हिंमत होत नव्हती. मला त्यांचा संताप आला आणि कीवही आली, आणि आजही त्यातलं जास्त काय आलं ते मला सांगता येत नाही.

त्यांच्या निवृत्तीआधीच्या शेवटच्या प्रशिक्षणात तळोद्याकडच्या एक लिपिक बाई आल्या होत्या, स्वतः डोंगरातल्या पावरा आदिवासी समाजातल्या. साहेबांनी फळ्यावर पत्ता लिहिला आणि त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, या गावाला पत्र कसं जाईल? हे गाव तर धरणाच्या पाण्यात गेलं. तिथली माणसं कधीच खाली आली. ही बाई माझ्या ओळखीची आहे. इथून अर्ध्या तासावर धरणग्रस्तांच्या वसाहतीत राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे." साहेबांच्या हातातला खडू तसाच राहिला. रजिस्टरातला पत्ता हाच खरा पत्ता, पोस्टाचा शेरा काही का म्हणेना, हे त्यांनीच आम्हांला शिकवलं होतं. गाव उठून आपल्या शेजारी येऊन बसलेलं त्यांना कळलंच नाही. त्या दिवशी तास तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या स्कूटरवरून निघालो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीशी प्लॅस्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्र, आणि पोच घेण्याचं रजिस्टर माझ्या मांडीवर. वाटभर मला त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. "विषय, माफी मागण्याबाबत. संदर्भ..." संदर्भापुढे काही गाडी जाईना. मी हसत होते, देवाशपथ, मागे बसून हसत होते.

ती अंगणात धान्य पाखडत होती. चाळिशी ओलांडलेली, केस पांढरे व्हायला लागलेले. शेजारी खाटेवर म्हातारे वडील बसलेले. साहेबांना तिने लगेच ओळखलं. "तुम्ही खिडकीवर होता ना?" म्हणाली, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत हात जोडून उभी राहिली. "माझ्यामुळे तुम्हाला इथपर्यंत यावं लागलं साहेब. त्या दिवशी माझीच चूक झाली. गाडी रस्त्यात बंद पडली, मी उशिरा पोहोचले. वडील अजून बोलतात मला, थोडी लवकर निघाली असती तर शिक्षिका झाली असती." साहेब तिच्याकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी रजिस्टर उघडलं आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. तिने सावकाश सही केली, पदराने हात पुसून प्रमाणपत्र घेतलं आणि आम्हांला कोरा चहा पाजला.

परत येताना त्यांनी उसाच्या शेताकडेला स्कूटर थांबवली. "तिनी माफी मांगी वं," ते म्हणाले. "मी मांगाले गयथू, नि तिनीच मांगी." साठीला आलेला माणूस रस्त्यावर उभा राहून रडत होता. मी म्हटलं, गाडी फिरवा, आत्ता जाऊ. ते म्हणाले, "आज नको. पुढला बुधवारे जाऊत." त्याआधीच्या सोमवारी छातीत दुखतंय म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं, आणि ते घरी आले नाहीत. काकूंना धीर द्यायला गेले आणि मीच त्यांच्या गळ्यात पडून रडले. इतका छळ केला त्या माणसाने माझा, आणि कार्यालयात आता त्यांच्या खुर्चीकडे बघवत नाही.

तेराव्यानंतर मी एकटीच वसाहतीत गेले. ते गेल्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चांगले होते. एवढ्यासाठी घरी आले." मग मी म्हटलं, "ताई, त्यांना तुमची माफी मागायची होती." तिला कळेना. "माझी? कशाची?" मग मी ओट्यावर बसले आणि खिडकीच्या आत त्या दिवशी काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. आतली भिंत, पाच मिनिटं, मित्राची हळद. ती चिडेल, मला हाकलून देईल, अशी माझी तयारी होती. तिने एकच विचारलं.

"म्हणजे मी उशिरा आले नव्हते?"

"नाही ताई. तुम्ही वेळेवर आला होता."

ती उठून खाटेपाशी गेली, वडिलांच्या कानाशी वाकली आणि पावरी बोलीत काहीतरी बोलली. मला पावरी येत नाही. म्हाताऱ्याला ऐकू कमी येत असावं, त्यांनी कानामागे हात धरला. मग ती तेच पुन्हा सांगू लागली, मोठ्याने, पुन्हा पुन्हा.