बाहेरून डबा, आतून टू बीएचके

ज्याला बसताच येत नाही असा माणूस सबंध मुंबईत एकच, आणि तो नेमका आपल्या घरातला आहे: तुमच्या आजोबांचा मुलुंडचा मावसभाऊ. तुम्ही त्यांना लहानपणी दोनतीनदा पाहिलंय, पण आठवणार नाही, कारण लक्षात राहण्याइतका वेळ ते एका जागी थांबतच नाहीत. मी त्यांना भाऊजी म्हणते. गेली चाळीस वर्षं ते आमच्या घाटकोपरच्या घरी येतात आणि या चाळीस वर्षांत त्यांची पाठ आमच्या सोफ्याला लागलेली मी पाहिली नव्हती. चहा दारात उभ्यानं. पहिला घोट घेऊन गॅलरीत जाऊन खाली डोकावणार, दुसरा घेऊन मोरीतला गळका नळ आवळून येणार, आणि तिसऱ्या घोटाला कपासकट जिना उतरायला लागलेले असणार. आमचे तीन कप अजून मुलुंडला आहेत. "बसा ना भाऊजी," म्हटलं की म्हणतात, "वहिनी, तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो. बसलेल्याचं तिकीट फाडायचं, आपण बसायचं नाही." ते खरंही असावं. आमच्या पॅसेजमध्येसुद्धा ते दोन पाय फाकवून, कपाटाला पाठ टेकून उभे राहतात, जणू आमची अख्खी इमारत पुढच्या वळणावर उजवीकडे कलणार आहे.

अशा माणसानं निवृत्त झाल्यावर गाडी घेतली. विजेवर चालणारी, एवढीशी, उंच टपाची, पांढरी. सोसायटीतल्या लोकांनी तिला पहिल्याच दिवशी डबा म्हणून टाकलं. त्याआधी सासष्टाव्या वर्षी ते गाडी चालवायला शिकले. शिकवणारा रडकुंडीला आला होता, कारण भाऊजी सारखे मागे वळून बघत. ते म्हणाले, "ड्रायव्हरला फक्त पुढचं दिसतं. गाडीत काय चाललंय ते कंडक्टरलाच कळतं." आजही सगळे नीट बसल्याची खात्री झाली की ते पुढच्या काचेखाली बोटानं दोनदा टकटक करतात, आणि मगच गाडी हलते. मी एकदा विचारलं, "ही टकटक कुणासाठी?" तर म्हणाले, "ड्रायव्हरसाठी."

गाडी घेतल्यापासून ते तिच्याबद्दल बोलत ते बिल्डरच्या भाषेत. मुंबईचा माणूस कुठल्याही जागेत शिरला की आधी कार्पेट एरिया विचारतो, तसं. "वहिनी, बाहेरून डबा, आतून टू बीएचके. पुढे हॉल, मागे बेडरूम, डिकी म्हणजे माळा. दारात पाण्याच्या बाटलीला कोनाडा. एसी दोन मिनिटांत गार करतो. डोक्यावर हवा इतकी की पगडी घालून बसा. खाली जमीन सपाट, मध्ये तो उंचवटा नाही, कारण इंजिनच नाही." या टू बीएचकेचे नियमही कडक होते. आत खायचं नाही. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक काढायचं नाही. वर्ष झालं तरी ते तसंच, आणि मे महिन्यात त्यावरून उठताना माणूस सोलून निघाल्यासारखा आवाज येतो. आणि चपला बाहेर. घरात शिरताना काढतो तशा, दाराशी जोडीनं काढून मग आत पाय ठेवायचा. आम्ही हसायचो, पण काढायचो. नव्या वस्तूचा मान ठेवायची आपल्याकडे पद्धतच आहे.

आता तुम्हाला फोनवर सांगितलं नव्हतं ते सांगते. आजोबांच्या डाव्या पायातली ताकद गेली हे तुम्हाला माहीत आहे. पण त्यानंतर एकदा दवाखान्यात नेताना चौघांनी त्यांना उचलून टॅक्सीत घातलं आणि समोरच्या दोन्ही इमारतींच्या गॅलऱ्या भरल्या. वर आल्यावर एवढंच म्हणाले, "मी काय फ्रिज आहे?" आणि त्यानंतर सात महिने घराबाहेर पडले नाहीत. डॉक्टर म्हणत होते, असंच बसून राहिले तर उजवा पायही रुसेल. तुमच्या व्हिडिओ कॉलला इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, म्हणून तुम्हाला काही कळलं नाही. मी समजूत घातली, रागावले, अबोला धरून पाहिला. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं, ते फिरवलंच.

भाऊजींनी समजूत घातली नाही. ते दर बुधवारी यायचे आणि उभ्या उभ्या गाडीची जाहिरात करायचे. एका बुधवारी म्हणाले, "दादा, पुढची सीट मागे सरकवली की गुडघ्यापुढे अठ्ठावीस इंच. तुझ्या या हॉलमध्ये सोफा आणि टीपॉयमध्येसुद्धा तेवढी जागा नाही."

आजोबांनी चाळीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले. चुकीचं माप ऐकलं की त्यांना घास उतरत नाही. ते खिडकीकडे बघतच म्हणाले, "अशक्य. त्या डब्यात अठ्ठावीस?"

"मोजलंय मी."

"कशानं? तिकिटाच्या पेटीनं?"

"मग ये ना खाली. तू मोज."

भाऊजी कप घेऊन निघून गेले. पण पुढचा आठवडाभर घरात काहीतरी खुडबुडत होतं. मधूनच विचारायचे, "गाडीची एकूण लांबी किती म्हणाला गं तो?" एकदा वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं गाडीचा छेद काढून त्यात बसलेला माणूसही काढला. आणि बुधवारी सकाळी म्हणाले, "ड्रॉवरमधला टेप दे. तो खोटं बोलतोय."

लिफ्टपर्यंत काठी पुरली. खाली दारातल्या चार पायऱ्यांशी ते थांबले आणि त्यांनी वर गॅलऱ्यांकडे पाहिलं. मी पुढे होणार तेवढ्यात भाऊजी त्यांच्याकडे पाठ करून एक पायरी खाली उभे राहिले. "हात नाही देत मी. खांदा धर, बसमधला दांडा समज. आणि घाई करू नकोस, मागून कुणी ढकलत नाही." चार पायऱ्यांना चार मिनिटं लागली. ज्या माणसाला चहाचे चार घोट एका जागी घेता येत नाहीत, तो त्या चार मिनिटांत तसूभर हलला नाही.

गाडीची सीट आजोबांच्या खुर्चीएवढीच उंच होती. आधी टेकले, मग एकेक पाय हातानं आत घेतला. कुणी उचललं नाही. श्वास लागला होता, तरी आधी टेप उघडला. "सत्तावीस. एक इंच खोटं बोललास."

"तो प्लास्टिकमध्ये गेला," भाऊजी म्हणाले.

आजोबांनी टपाची उंची मोजली, दाराची रुंदी मोजली, सीट मागे पाडून पाहिली, परत उभी केली, आरशातून मला बघितलं. मग म्हणाले, "आता बसलोच आहे तर जुहूला ने." भाऊजींनी दोनदा टकटक केलं आणि आम्ही निघालो. मी मागे, माझ्या त्या बेडरूममध्ये, गुडघे पसरून बसले होते आणि जागेबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. पुढे हे दोघं साकीनाक्याच्या गर्दीत सिग्नलचे सेकंद मोजत भांडत होते.

जुहूला पोचल्यावर आजोबांनी स्वतःच दार उघडलं आणि खाली पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "माझा पट्ट्याचा बूट कुठाय?"

आमच्या तिघांच्याही वहाणा घाटकोपरला, इमारतीच्या दारात, जोडीनं लावलेल्या होत्या. रीतसर काढल्या, बसलो, निघून आलो. मी वॉचमनला फोन केला. तो म्हणाला, "ठेवल्यात आजी सांभाळून. मला वाटलं, तुमची गाडीत पूजा चाललीये." डाव्या पायाला आधार देणारा तो बूट नसेल तर आजोबांना पाऊल टाकता येत नाही. त्यांनी दार ओढून घेतलं आणि मान फिरवली. सात महिने पाहिलेली ती मान मी ओळखली. मला वाटलं, आता हे परत कधी खाली यायचे नाहीत.

भाऊजींचा चेहरा उतरला. "दादा, चूक माझी. थांब." एवढं बोलून ते तसेच अनवाणी बाहेर पडले. दुपारचा डांबरी रस्ता. एक पाय टाकायचा, दुसरा झटकायचा, मग झाडाच्या सावलीच्या तुकड्यावर उडी, मग नारळाच्या चोयट्यांवर, असे ते भेळवाल्यापर्यंत गेले आणि भेळेचे तीन पुडे छातीशी धरून तसेच परत आले. आजोबा काचेतून बघत होते. आधी खांदे हलले, मग ते मोठ्यांदा हसायला लागले. "तिकडे बघ, तिकडे. बगळा निघालाय."

भेळ आम्ही गाडीतच खाल्ली. चिंचेची चटणी प्लास्टिकवर सांडली तेव्हा मी भाऊजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "राहू दे वहिनी, पुसता येतं. म्हणून तर काढलं नाही." तिघंही अनवाणी, त्यामुळे उतरायचा प्रश्न कुणालाच नव्हता. काचा खाली केल्या. आजोबांनी सीट मागे पाडली आणि वाऱ्यात हात बाहेर काढून ठेवला. भाऊजींनीही आपली सीट पाडली. पाय पोळले होते, उठून जाणार कुठे.

तेव्हापासून दर बुधवारी आजोबा खाली जातात. बूट आता गाडीतच ठेवायला परवानगी आहे, वर्तमानपत्रावर. फार लांब जात नाहीत. पुष्कळदा कंपाउंडच्या बाहेरही पडत नाहीत. दोघं आत बसून कशावर तरी वाद घालत असतात. मी गॅलरीतून बघते. वरून फक्त पांढरा टप दिसतो. बोलणं ऐकू येत नाही, आणि या गाडीला स्वतःचा असा आवाजच नाही. उभी असली तरी तशीच, निघून गेली तरी तशीच. हातातलं काम करता करता वाटतं, गेले की काय दोघं? मग मी काम ठेवते, आणि कठड्यावरून वाकून पुन्हा एकदा बघते.