अकरा नावांची यादी

आमच्या शाळेच्या ऑफिसात सव्वीस वर्षं एकच कारकून होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. बुटके, पुढून टक्कल पडलेले, शर्टाच्या खिशावर शाईचा कायमचा डाग. बोलणं बेताचं. दाखला मागायला आलेल्या पालकाला हातानेच खुर्ची दाखवायचे, पण रजिस्टरातून मान वर काढायचे नाहीत. शिक्षकांच्या खोलीत त्यांचा विषय निघालाच तर एवढाच, की भाऊसाहेबांनी रजेचा अर्ज परत पाठवला, तारीख चुकली म्हणून. मी त्या शाळेत भाषा शिकवत होते. माझंही त्यांच्याशी बोलणं तेवढंच.

मग वरून एक पत्र आलं. प्रत्येक शाळेने पाच जणांची टीम करायची, अडचणीत असलेल्या विद्यार्थ्यांना आधार देणारी व्यवस्था उभी करायची आणि त्यासाठी तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला यायचं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, आधी स्वतःचं नाव लिहिलं. मग समुपदेशक बाईंचं. त्या तीन शाळांना मिळून एकच होत्या, आमच्या वाट्याला सोमवार आणि बुधवार यायचा. पीटीच्या सरांचं नाव लिहिलं, कारण त्यांचा तास बुडाला तर कुणाचं काही अडत नाही, आणि माझं लिहिलं, कारण मला नाही म्हणता येत नाही. पाचवा माणूस काही मिळेना. चाचणी परीक्षा तोंडावर आलेल्या.

"भाऊसाहेबांना घ्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "तिथे जाऊन बसायचंच तर आहे."

प्रशिक्षणाचा हॉल गारठवून टाकणारा होता. गोल टेबलं, चार्टपेपर, रंगीत चिठ्ठ्या. शिकवायला बसक्या आवाजाच्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या. पहिला दिवस भाऊसाहेबांनी वहीत समास आखण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी विचारलं, "शाळेतलं एखादं मूल अडचणीत आहे, हे सगळ्यात आधी कुणाला कळतं?"

कुणी म्हणालं वर्गशिक्षकांना, कुणी म्हणालं समुपदेशकांना. बाई फळ्यावर लिहीत गेल्या. तेवढ्यात आमच्या टेबलावरून आवाज आला, "मला."

हॉलमध्ये खसखस पिकली. बाई मात्र हसल्या नाहीत.

"आपण कोण?"

"कारकून."

"तुम्हाला कसं कळतं?"

"हजेरीवरून," भाऊसाहेब बसल्या जागेवरूनच म्हणाले. "वर्गशिक्षक आपापल्या वर्गाचं बघतात. महिन्याची बेरीज माझ्याकडे येते, सगळ्या वर्गांची. मूल एकदम शाळा सोडत नाही हो. आधी सोमवारी येत नाही. मग चाचणीच्या दिवशी येत नाही. मग सहलीच्या दिवशी येत नाही. मग येतच नाही. मला ते दोन-तीन महिने आधी दिसतं."

"आणि मग तुम्ही काय करता?"

भाऊसाहेबांनी जरा विचार केला. "बेरीज करतो," ते म्हणाले.

आता कुणी हसलं नाही. उरलेला दिवसभर त्या बाई भाऊसाहेबांचंच उदाहरण देत होत्या. निघताना त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली. "एकट्याने धावपळ करू नका. एकटा माणूस थकतो, आणि मग मूल वाऱ्यावर पडतं. जे काय असेल ते टीमपुढे मांडा, टीमने ठरवा, टीमने करा." भाऊसाहेबांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि त्याखाली पट्टीने दोन रेघा मारल्या.

परत आल्यावर आठवड्याभरात त्यांनी सहा महिन्यांचे हजेरीपट चाळून यादी केली. अकरा नावं. प्रत्येक नावापुढे गैरहजेरीचे दिवस आणि ते कोणकोणत्या वारी आले तेही. एकाआड एक गुरुवारी शाळा सुटल्यावर वाचनालयात टीमने बसायचं ठरलं. पहिल्या बैठकीला आम्ही पाचही जण होतो. सहावीतल्या एकाला फळाच दिसत नाही, म्हणून तो विज्ञानाच्या तासाला पळून जातो, हे त्या दिवशी उलगडलं. त्याला चष्मा लागला आणि तो वर्गात बसायला लागला. एकीला बसमध्ये मोठी मुलं त्रास देत होती, ते पीटीच्या सरांनी एका सकाळीतच निस्तरलं. भाऊसाहेबांनी पट्टी ठेवून ती दोन नावं यादीतून ओढून टाकली, तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता, की पीटीचे सर म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्हाला पगारवाढ झाली की काय?"

त्या दिवसांत ते पालकांशी मान वर करून बोलायला लागले होते.

यादीत चौथं नाव होतं आठवीतल्या एका मुलीचं. दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी गैरहजर, एकही वार चुकलेला नाही. भाऊसाहेबांनी तिला मधल्या सुट्टीत ऑफिसात बोलावलं. मी तिथेच सहीसाठी थांबले होते. मुलगी नखं कुरतडत उभी होती.

"मंगळवार-शुक्रवार कुठे असतेस?"

"दवाखान्यात. आईचं डायलिसिस असतं."

"घरी दुसरं कुणी नाही?"

"बाबा ट्रकवर असतात, आठ-आठ दिवस येत नाहीत. बहीण आहे, पण ती चारच वर्षांची आहे. आईला न्यायला-आणायला मीच लागते. परत येताना तिला धड चालता येत नाही."

"अभ्यासाचं काय करतेस?"

"बाकीचं जमवते. वह्या आणते मैत्रिणींच्या. गणिताचं तेवढं जमत नाही. गणिताचे जोडतास नेमके त्याच दोन दिवशी असतात, आणि वही बघून गणित कळत नाही." मग जरा घुटमळून म्हणाली, "बुधवारी मधल्या सुट्टीत कुणी अर्धा तास सांगितलं ना, तरी माझं भागेल."

भाऊसाहेबांनी ते लिहून घेतलं. म्हणाले, "गुरुवारी टीमपुढे ठेवतो. गुरुवारी सांगतो तुला."

मुलगी पहिल्यांदाच हसली. मला वाटलं, चला, हे तर अगदीच सोपं आहे.

त्या गुरुवारी मोठ्या बाईंना वरच्या ऑफिसात बोलावणं आलं. बैठक पुढे गेली. पुढच्या वेळी आम्ही सगळे पेपर तपासण्यात बुडालो होतो. त्यानंतर समुपदेशक बाईंची मुदत संपली. त्या एका खोक्यात आपलं सामान भरून घेऊन गेल्या, कपाटाची किल्ली भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवून. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. पीटीच्या सरांना स्पर्धांच्या कामाला जुंपलं. मोठ्या बाईंची बदली झाली. नव्या मुख्याध्यापिका आल्या, त्या माणूस म्हणून चांगल्या होत्या. भाऊसाहेब यादी घेऊन गेले, तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ती योजना बंद झाली, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "आता दुसरी येतेय. तिचं प्रशिक्षण होऊ दे, मग बघू."

तरी भाऊसाहेब ठरल्या गुरुवारी वाचनालय उघडून बसायचे. समोर हजेरीपट, शेजारी यादी. एकदा खिडकीतून दिसले म्हणून मी आत गेले.

"कुणी नाही आलं?"

"येतील," ते म्हणाले.

मी दहा मिनिटं बसले. माझ्याकडे वह्यांचा गठ्ठा होता, घरी पाहुणे यायचे होते. मी उठले.

मुलगी अधूनमधून ऑफिसच्या दाराशी येऊन उभी राहायची. काही विचारायची नाही, नुसती बघायची. "या गुरुवारी नक्की," भाऊसाहेब म्हणायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर ती यायची थांबली. सहामाहीत गणितात नापास झाली. मग बुधवारही गैरहजेरीत दिसायला लागला, मग सोमवार. भाऊसाहेबांनी प्रशिक्षणात सांगितलं होतं तसंच, पायरी पायरीने. परीक्षेनंतर महिन्याभरात तिची आई गेली. त्यानंतर मुलगी चार दिवस शाळेत आली, मान खाली घालून बसली, आणि मग आलीच नाही.

सलग तीस दिवस मूल आलं नाही, तर पटावरून नाव कमी करायचा नियम होता. सव्विसाव्या दिवशी भाऊसाहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही येता का? मी एकटा गेलो तर ती घाबरेल."

दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. जिन्यात कुणाची तरी मोडकी सायकल. मुलीने ओल्या हातांनी दार उघडलं. आत धाकटी बहीण जमिनीवर बसून चमच्याने भांडं बडवत होती. खिडकीत धुतलेले कपडे, शेगडीवर काहीतरी उतू जाण्याच्या बेतात. तिने आम्हाला पलंगावर बसवलं, पाणी दिलं, धाकटीच्या हातातला चमचा काढून घेतला. सगळं एखाद्या चाळिशीच्या बाईसारखं.

"शाळेत ये," भाऊसाहेब म्हणाले. "बहिणीचं काहीतरी करू आपण."

"काय करणार?" तिने विचारलं. उद्धटपणे नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी धाकटीकडे बघत राहिले.

"नवी टीम होणार आहे," ते म्हणाले. "तिच्यापुढे ठेवू."

मुलगी आमचे रिकामे पेले उचलायला लागली. "मला तेव्हा खरंच वाटलं होतं तुम्ही सांगाल म्हणून," ती म्हणाली. "आता मागचं सगळंच राहिलंय हो. वर्गात नुसतं बसून मला काय कळणार?"

शेगडीवरचं उतू गेलं. ती धावली. आम्ही थोडा वेळ थांबलो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी मी सही करायला गेले, तर ते पेनाला टोपण लावून बसलेले.

"काल घरी सांगितलं सगळं," ते म्हणाले. "आमची मंडळी काय म्हणाली माहितीये? म्हणाली, अहो, आपल्या मुलीला बारावीपर्यंत गणित तुम्हीच शिकवलंत ना? मग तो बुधवारचा अर्धा तास तुम्हीच का नाही बसलात?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, ते टीमने ठरवायचं होतं." ते खिडकीबाहेर बघत होते. "सुचलंच नाही हो, बाई. तिथल्या तिथे, या टेबलावर बसून सांगता आलं असतं. प्रशिक्षणाला गेलो नसतो, तर मला ती दिसलीही नसती. दिसली, आणि मी वाट बघत बसलो."

मी त्यांना सांगायला हवं होतं, की तेव्हा मीही तिथेच उभी होते. आठवीचं गणित मलाही येतं. मी सही केली आणि वर्गावर गेले.

तिसावा दिवस भरला. जनरल रजिस्टरात शाळा सोडल्याचं कारण लिहायचा एक रकाना असतो. त्यात भाऊसाहेबांनी लिहिलं, 'आईचे आजारपण व निधन. शाळेकडून मदत मिळाली नाही.' नव्या बाईंनी त्यांना आत बोलावलं.

"भाऊसाहेब, उद्या तपासणीला हे रजिस्टर कुणाच्या हातात जाईल, काही कल्पना आहे? 'सतत गैरहजर' लिहा."

"पण ते खरं नाही, बाई."

"खोटं कसं? गैरहजर होती ना?"

बाहेर येऊन भाऊसाहेबांनी आधीच्या ओळीवर रेघ मारली, वर 'सतत गैरहजर' लिहिलं आणि खाडाखोडीशेजारी लाल शाईने सही केली. रेघ वाकडी आली. त्यांच्या रजिस्टरात वाकडी रेघ मी पहिल्यांदा बघितली.

नव्या योजनेचं पत्र जूनमध्ये आलं. पुन्हा पाच जणांची टीम. भाऊसाहेबांनी आपलं नाव घालू नका म्हणून लेखी अर्ज दिला, त्यांच्या जागी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या नव्या मुलीला पाठवलं. मी गेले. प्रशिक्षण चांगलं होतं. जेवणही चांगलं होतं. हजेरी आता थेट कॉम्प्युटरमध्ये भरली जाते आणि धोक्यातल्या मुलांची नावं आपोआप लाल होतात, असं आम्हाला पडद्यावर दाखवलं. आमच्या शाळेची एकोणीस नावं लाल होती.

भाऊसाहेब त्यानंतर वर्षभराने निवृत्त झाले. अलीकडे ते मला बँकेच्या रांगेत भेटले. अंगाने उतरलेत. ती मुलगी त्यांना दिसली म्हणाले, कापडाच्या एका दुकानात. गिऱ्हाइकांनी उलगडलेले तागे घड्या करून परत लावायच्या कामावर.

"ओळखलं तिने?"

"हो तर. बसायला स्टूल दिलं. मी म्हटलं, बाहेरून परीक्षेला बस, गणित मी शिकवतो, मला आता वेळच वेळ आहे. सुट्टीच्या दिवशी घरी येत जा. तर म्हणाली, सुट्टीच्या दिवशी मी झोपते, भाऊसाहेब." त्यांनी पासबुक दुसऱ्या हातात घेतलं. "फोन नंबर लिहून दिलाय मी तिला. घेतला तिने."

"आला का फोन?"

"सहा महिने झाले. नाही आला."

रांग पुढे सरकली. आम्ही दोघंही एक पाऊल पुढे झालो. मग त्यांनी विचारलं, आठवीला आता गणित कोण शिकवतं. मी म्हटलं, ती जागा दीड वर्ष रिकामी आहे.