परस्थानाची पिशवी

बहिणीचं बाळ दोन महिन्यांचं झालं तरी आम्ही पाहिलं नव्हतं. ती बिदरला, आम्ही उदगीरला. एरवी जेवून निघालं तरी चहाला पोचतो. पण त्या वर्षी कर्नाटकात शिरायला कोरोनाचा निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा, आणि तो तीनच दिवस चालायचा. आमचे रिपोर्ट हातात पडेपर्यंत दोन दिवस गेले आणि उरलेला दिवस नेमका अमावस्येचा.

"अमावस्येला मी न्हाई निघत," आई म्हणाली.

"मग पुन्हा नाकात काड्या घालून घ्यायच्या का?" मी ओरडलो.

शेवटी तिनंच तोड काढली. आदल्या दिवशीच परस्थान ठेवायचं. म्हणजे सामान शेजारी नेऊन ठेवलं, की आपण घरातून निघालो असं धरतात. बाळाची झबली, टोपडी आणि सगळ्यांचे रिपोर्ट पिशवीत घालून ती शेजारच्या काकूंकडं ठेवून आली.

सकाळी पिशवी उचलली आणि मी गाडी पळवत सुटलो. चेकपोस्टच्या रांगेत काकूंचा फोन आला. आई नुसती "हाव, हाव" करत राहिली.

तेवढ्यात आमचा नंबर लागला. पोलिसानं रिपोर्टवरचे शिक्के पाहिले आणि "होग्री, होग्री," म्हणत पुढं जायला हात केला. मी गिअर टाकला.

"वळव गाडी," आई म्हणाली. "काकूची टेस्ट पॉझिटिव्ह आली. काल तिच्यासंगं बसून चहा पेले मी."

मी गाडी वळवली. रस्ता मोकळा आहे, जा, असं पोलीस मागून ओरडत होता.