अंजूच्या लिंबावरचे भुंगेरे

पुंजाजी माझ्या शेताचा शेजारी. मालेगावच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची दोघांची शेतं, मधे एक धुरा, म्हणजे बांध. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर शेती करू लागलो, तो जन्मापासूनच करत होता. कामाला वाघ, पण बोलायला महाकंजूष. वांगी-मिरची घेऊन बाजारात बसला तरी गिऱ्हाईक त्याच्या बायकोशी, हौसाबाईशीच बोलायचं. मात्र भुंगेऱ्यांचा विषय काढला की या मुक्या माणसाला वाचा फुटायची.

हुमणी म्हणजे मिरचीची मुळं खाणारी जमिनीतली पांढरी अळी, आणि भुंगेरा म्हणजे तीच मोठी झालेली. पुंजाजी एखादा तळहातावर ठेवून दाखवायचा. चिंचोक्यासारखा तपकिरी, पाठ टणक, पायांना काटे. मिशांच्या टोकाला बारीक पाकळ्या, उघडमीट करणाऱ्या. मिरगाचा पाऊस पडून गेला की हे दिवेलागणीला जमिनीतून निघतात, कडुलिंबाचा पाला खातात, तिथंच जोड्या जमवतात आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत शिरतात. मादी मातीतच अंडी घालते.

म्हणून पुंजाजी त्या दिवसांत रोज तिन्हीसांजेला धुऱ्यावरच्या लिंबाखाली हौसाबाईचं जुनं लुगडं अंथरायचा आणि आकडीनं, टोकाला हूक असलेल्या लांब काठीनं, फांद्या हलवायचा. भुंगेरे टपाटप पडायचे, उताणे होऊन पाय झाडत राहायचे. मग तो ते गोळा करून बादलीतल्या रॉकेलच्या पाण्यात टाकायचा.

तो लिंब अंजूचा. अंजू त्यांची एकुलती पोरगी. आठ वर्षांची असताना धुऱ्यावर आपसूक उगवलेलं रोप तिनं काट्याकुट्यांचं कुंपण करून जगवलं. दोनतीन वर्षांत ते बापाच्या डोक्याच्याही वर गेलं. लुगड्यावरचा एखादा भुंगेरा ती मुठीत धरायची, बापाच्या कानाशी न्यायची आणि आतली गुणगुण ऐकवायची. अकराव्या वर्षी काविळीनं गेली. लिंब वाढत राहिला.

तीन वर्षांपूर्वी पुंजाजीचा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना. आकडी पडून राहिली आणि त्याच साली मिरची गेली. रोप धरून उचललं की अलगद हातात यायचं, खाली मूळच नाही. माझ्या शेतातही तेच. मी भडकलो. शहाणपण शिकवायला मला कुणी बोलवावं लागत नाही. सगळे भुंगेरे त्या झाडावर येतात, झाडच नसलं तर येतील कशाला, असं मी त्याला महिनाभर ऐकवलं. तो नुसता लिंबाकडे बघायचा. शेवटी हौसाबाईच म्हणाली, की पोट तर भरायचं आहे. उन्हाळ्यात लिंबाला करवत लागली. पुंजाजी त्या दिवशी शेतात आला नाही.

आता जे लिहितो त्याची मला लाज वाटते. ती आकडी मी उचलली असती तर? रोजचं अर्ध्या तासाचं काम. मला ते सुचलंच नाही.

पुढच्या मिरगात भुंगेरे निघायचे ते निघालेच. लिंब नाही म्हटल्यावर बाभळी, बोरी, मिळेल त्या पाल्यावर पांगले. काटेरी झाडं, तीही चहूकडे, माणूस किती हलवणार? दोन्ही शेतांतली मिरची पुन्हा गेली.

एका संध्याकाळी पाहतो तर पुंजाजी उरलेल्या बुंध्यापाशी बसलेला. शेजारी लुगडं अंथरलेलं, वर नुसतं आभाळ. मी जवळ गेलो. त्यानं मान वर केली नाही.

"लिंबानं त्याईले आनलं नव्हतं, मास्तर," तो म्हणाला. "ते तं येनारच होते. लिंब त्याईले एका जागी जमा करून माह्या हातात देत होता. माही अंजू राखन करून राह्यली होती, अन् मीच तिले तोडलं."

तू नाही, मी तोडलं, असं मला म्हणायचं होतं. म्हणालो नाही. आजवर म्हटलेलं नाही.

एक भुंगेरा कुठून तरी येऊन लुगड्यावर आपटला, उताणा पडून पाय झाडू लागला. पुंजाजीनं तो डाव्या मुठीत घेतला, कानाशी नेला आणि डोळे मिटून ऐकत बसला. बादली त्यानं आणलीच नव्हती.